गळती नाही

त्याचं वजन मला कधी कळलंच नाही.
टायटनवर सगळंच हलकं,
मीसुद्धा, माझी पान्यांची पिशवीसुद्धा,
मग मुठीएवढ्या जिवाचं काय घेऊन बसलात.
कॉलरवर बसलेला कळतो तो पंखांवरून:
कांद्याच्या सालीसारखे,
उजेडासमोर धरले तर शिरा दिसतात.
उजेड म्हणजे आमचा,
कालच्या उकळून ठेवलेल्या चहासारखा.

पिलपिलेन म्हणतात याला.
माझ्या पणजीच्या बेटावर, चिलोएला,
लाल चोचीचा एक पक्षी असायचा त्या नावाचा.
याला चोच नाही. लाल तर काहीच नाही.
ज्याने नाव ठेवलं त्याला घर आठवलं असेल,
आणि आठवण काही पडताळून बघत नाही.

रक्तात पाणी नाही याच्या.
जिथे माझी थुंकी गारगोटी होईल
तिथे हा खुशाल पंख साफ करत बसतो.
फक्त प्राणवायू याला गोड लागतो.
नळीच्या सांध्यातून सुईच्या टोकाएवढा निसटला
तरी अंगभर शहारतो,
आणि मी पाना काढते.
एकोणीस वर्षं आमचं हेच:
तो शहारतो, मी आवळते.
त्याच्या तोंडचा घास काढून घेणं
हा माझा धंदा आहे
हे मला फार उशिरा सुचलं.

मग कंपनीने भिंतींना तारेची नाकं बसवली.
पत्रक आलं: पिलपिलेन बाळगू नयेत,
खाऊ घालू नये, दार उघडून सोडून द्यावेत.
सोडले लोकांनी. शंभरेक असतील.
काही दिवस काचांवर टकटक चालायची,
मग नाही.
माझा राहिला, कारण सातव्या गल्लीपर्यंत
तारा पोचल्या नव्हत्या.

त्या गल्लीच्या टोकाला रेमिखिओ नाउएलकिन.
एके काळी मिथेनच्या समुद्रावर बोटी हाकायचा,
आता गुडघे धरून बसतो.
त्याच्या दारापाशी हा शहारला.
सांधे बघितले, सगळे घट्ट.
दुसऱ्या फेरीला पुन्हा तेच.
तिसऱ्या फेरीला कॉलर सोडून उडालाच,
घराच्या मागे, जिकडे कुणाला काम नसतं.

मी मागे गेले.
झडप अर्धा आटा सैल. मुद्दाम केलेली,
पान्याचा ताजा ओरखडा होता नटावर.
आणि भिंतीवर, नळीवर, तुटक्या शिडीच्या पायऱ्यांवर
कांद्याच्या साली, कांद्याच्या साली,
चाळीस तरी.
कुणी कुणाला ढकलत नव्हतं.
माझा त्यांच्यात जाऊन बसला
तो मला लगेच ओळखूही येईना.

एक ठिणगी पडली असती
तर सातवी गल्ली उरली नसती.
हे त्याला माहीत, मला माहीत.
काचेमागे तो उभा होता,
पकडलेल्या पोरासारखा नाही,
गिऱ्हाइकाची वाट बघणाऱ्या दुकानदारासारखा.
रेडिओवर म्हणाला,
"माझ्याच वाट्याचा आहे, एउलोखिया.
बसून राहिलं की माणसाला कमी लागतो."

मी काहीच बोलले नाही.
मागच्या दिव्याची तार तेवढी काढून ठेवली,
पुन्हा कुणी जोडू नये म्हणून टोक वाकवलं.
नोंदवहीत रकाना एवढासा.
त्यात लिहिलं: गळती नाही.
एकोणीस वर्षांतलं पहिलं खोटं,
आणि अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

पोट भरेपर्यंत थांबले त्याच्यासाठी.
आला, कॉलरवर बसला, झोपला बहुतेक.
घरी पोचल्यावर माझ्या मागच्या झडपेचे
आटे मोजले.
तो शहारला नाही.
अजून तरी.