उरलेल्याचा रकाना

तीन वर्षांच्या आवक-वह्या काढल्या
तेव्हा पानांतून काळी माती सांडली टेबलावर :
यावलची, रावेरची, चोपड्याकडची,
ठिबकच्या जुन्या नळ्यांत बसून आलेली.
एवढ्यात मेथीचा वाफा झाला असता,
इंदूबाई सपकाळे म्हणाल्या
आणि फुंकर मारून शेत उडवून दिलं.

अर्ज होता बक्षिसाचा.
जिल्ह्यातले कारखाने, त्यातून कोण कमी टाकतं,
कोण टाकलेलं पुन्हा कामाला लावतं, त्यांचा सत्कार.
चौदा रकाने.
चौथा : एकूण पुनर्वापर, टनांत.

माझ्या वहीत टन कुठे होते?
माझ्या वहीत होतं
सुकलाल भिल, फुटक्या बादल्या, साडेचार किलो.
रज्जाक बागवान, केळीच्या घडांच्या निळ्या पिशव्या, अकरा किलो, ओल्या, दोन वजा.
शाळेतली दोन पोरं, नावं सांगितली नाहीत,
बाटल्या, सातशे ग्रॅम,
पैसे नको म्हणाली, चटईचा तुकडा मागितला.
एकेकाला धरून मी बेरजेत उतरवत गेलो
आणि तळाला पोचलो तेव्हा
चारशे बारा टन झाले होते,
माणूस एकही दिसत नव्हता.

नववा : वर्गीकरणाची पद्धत.
हुसनबाई तडवी नखाने टिचकी मारते, ऐकते.
टणकन वाजलं तर या पोत्यात,
कुजबुजलं तर त्या.
शंका आली तर कोपऱ्याला काडी लावते, वास घेते.
मेणबत्तीसारखा आला तर आपलं.
नाकाला झोंबला तर परकं.
मी लिहिलं,
'अनुभवी कामगारांमार्फत'.

तेरावा : उर्वरित कचरा.
शेडमागे, निंबाखाली, तो आहे.
वेफरची पाकिटं, सुपारीच्या पुड्या,
चकचकीत पोटाची जात,
जी कुठल्याच घाण्यात मिसळत नाही.
पाहणीच्या दिवशी सुपरवायझरने त्या ढिगावर
आपलीच चटई अंथरली होती,
नऊ बाय बारा, मोरांची.
नेहेते शेठ आले. मोर बघितले. म्हणाले, उचल.
मग माझ्या खांद्यावरून अर्जात डोकावले.
'लिही. सव्वा टन. पडून आहे.'
शेठ, बाकीचे शून्य लिहितील.
'लिहू दे. त्यांना त्याच्या बाजूने गाडी नसेल काढावी लागत.'

पहिलं बक्षीस शून्यवाल्यांना गेलं.
आम्हाला उत्तेजनार्थ.
जळगावात बाहेर पंचेचाळीस, सभागृहात थंडी इतकी
की शेठची सत्काराची शाल
इंदूबाईंनी मागून घेतली, रांगेत फिरली ती.
गुच्छाला प्लास्टिकचा कागद, कागदावर कागदी रिबन,
पाण्याच्या बाटल्या, पाव लिटरच्या,
अर्ध्या पिऊन सोडलेल्या, खुर्च्यांखाली.
निवेदकाने चारशे बारा म्हटलं, टाळ्या पडल्या.
हुसनबाईने माझ्या कानात विचारलं, कितला?
मी सांगितलं.
'इतला? माले ते नही आठवत.'
आणि वाकून हाताला येतील तेवढ्या बाटल्या
तिने पदरात घेतल्या.

दुसऱ्या दिवशी एमआयडीसीत, सकाळी, काट्याजवळ
थर्माकोलच्या पेटीतून स्मृतिचिन्ह निघालं.
पारदर्शक पान, त्यावर आमचं नाव,
नेहेतेमधला एक 'ते' पुसट.
हुसनबाईने टिचकी मारली.
सगळ्या जणी थांबल्या.
तिने दुसरीकडून मारली, मग मान हलवली :
हाई काही कामनं नही.

शेठ इतके हसले की त्यांना ठसका लागला.
काट्यावर ठेव म्हणाले.
ठेवलं.
आवक : एक नग, सातशे चाळीस ग्रॅम,
आणणार, शासन.
प्रकार लिहायचा राहिला,
कारण फाटकात रावेरचा ट्रक वाजवत होता,
नळ्यांची वेटोळी दोरीबाहेर लोंबत,
ड्रायव्हर ओरडला, काटा रिकामा आहे का?

पान उचललं.
थांब म्हटलं त्याला.
जुना आहे आमचा,
शून्यावर यायला वेळ लागतो.