गणपूर्ती

अठ्ठावीस अंशांच्या पेटीतून यास्ना प्लेट काढते
आणि आधी उलटी धरते,
कारण झाकणावरचं दव खोटं बोलतं.

चिलोएच्या खाडीतला सॅमन,
त्याच्या फोडांवरून फिरवलेला कापूस,
त्यातून वाढलेली एक पांढुरकी रेघ.
काडीभर अंतरावर दुसरी. ही इथलीच, पाळलेली,
जिचा आवाज कुणीतरी कधीचाच कापून टाकलाय.
ऐकू येतं तिला. बोलता येत नाही.
शेजारून हाक आली तरच रंगते.

आज रंगलीय.
माकीची फळं खाऊन आलेल्या पोराच्या ओठांसारखी,
जिथे रेघा जवळ येतात तिथे गर्द,
पुढे पुढे विरत गेलेली.
यास्ना पट्टी लावते. नऊ मिलिमीटर.

‘एकटा असला की जिवाणू काही करत नाही,’
ती नव्या पोराला, एलिसेओला, सांगते,
‘पाण्यात थोडंथोडं सोडत राहतो,
आहे का कुणी, आहे का कुणी,
आणि माशाच्या अंगावर साळसूद बसून असतो.
पुरेसे जमले हे कळलं, की एका रात्रीत ठरतं.’
‘युनियनच्या सभेसारखं?’
यास्ना हसत नाही.

काल अग्निशामकांच्या हॉलमध्ये
साठ खुर्च्या, एकवीस माणसं.
भिंतीला टेकवलेला नेस्तोर चिग्वायचा फोटो,
पिंजऱ्याच्या जाळ्याखालून जो वर आलाच नाही.
तिच्या नवऱ्याने अर्धा तास वाट पाहिली,
मग वहीत लिहिलं: गणपूर्तीअभावी तहकूब.
तिसऱ्यांदा.
खुर्च्या रचताना नुसता लोखंडाचा आवाज.

कंपनीचा फोन येतो. किती पिंजरे?
चार, ती म्हणते, पाचव्याचं उद्या कळेल.
दुपारच्या आत औषधी खाद्याची पोती बोटीवर चढतात.
माशांसाठी इतकी घाई होते.

तुलनेची प्लेट मात्र पांढरीच.
तीच मुकी रेघ, तेच अन्न, तीच ऊब,
फक्त शेजारी कुणी नाही.
ती बराच वेळ उजेडात धरून ठेवते,
इतका, की एलिसेओ विचारतो, काही बिघडलं का?

संध्याकाळी ती चढावरून घरी जात नाही.
धक्क्यामागच्या गल्लीत वळते,
जिथे मासे कापणाऱ्या बाया राहतात,
लाकडाचा धूर खाली खाली उतरलेला,
आणि तिला नाव नीट ठाऊक नसलेल्या एका दारावर
बोटाच्या पेराने ठोकते. पुन्हा एकदा.

आत कुत्रं भुंकतं.
मग पावलं.