अर्धं कौल, अर्धा पत्रा

आमच्या चॅपेलच्या छपराला दोन आवाज आहेत.
वेदीकडे तोंड केलंत तर उजवीकडे कौल,
डावीकडे पत्रा.
वेंगुर्ल्याहून येणारे पाहुणे वर बघतात
आणि विचारतात, पैसे संपले काय हो?
आम्ही म्हणतो, होय.
खरं सांगायचं तर अकरा सभा झाल्या.

मी सुतार. माझं मत कौलाचं होतं.
वासे, रीप, भाल,
चार महिन्यांची मजुरी होती त्या मतात,
पण सभेत मी थंडाव्याबद्दल बोललो,
पूर्वजांबद्दल बोललो.
बोस्त्याव लोबोचा भाऊ बहारीनला.
त्यानं पत्र्याचे पैसे पाठवले होते, पत्र्यासाठीच.
बोस्त्याव टिकाऊपणाबद्दल बोलला.
मग तो माझ्या बापाबद्दल बोलला.
मग मी बोललो.
त्यानंतर सात वर्षं आम्ही बोललो नाही.

फादर लिगोरी म्हणायचे, एकमत करून या, मग सही करतो.
एका रविवारी त्यांनी वाचून दाखवलं,
पकडून नेण्याआधीच्या रात्री प्रभूनं काय मागितलं ते:
हे सगळे एक व्हावेत.
मी मागच्या बाकावर हिशेब केला.
जे आपसूक होतं ते कोण मागतं?
भरती ये म्हणून कुणी गुडघे टेकत नाही.
त्याला ठाऊक होतं आपलं लाकूड,
गाठीचं, उलट्या रेषांचं.
त्या रात्रीसुद्धा जेवणाच्या बाकावर
मोठा कोण यावरून वाद चाललाच होता.

फादरांची बदली झाली. छप्पर झालं, असं.

आता भर आषाढात मिस्सा कशी होते ते सांगतो.
पत्र्यावर पाऊस पडला की
डावीकडच्यांना शुभवर्तमान ऐकू येत नाही,
नुसते फादरांचे ओठ हलताना दिसतात.
म्हणून ते उजवीकडे सरकतात, एकेक बाक.
उजवीकडे माकडांनी कौलं फोडलेली;
नातालीन मावशीच्या मांटिल्यावर थेंब, थेंबावर थेंब.
म्हणून ते डावीकडे सरकतात.
आणि मधोमध, आढ्याखाली,
जिथं माझे कोने त्याच्या पत्र्याला कधी नीट बसलेच नाहीत,
तिथं एक बादली.
आमची सगळी मंडळी बादलीभोवती.

आमेन अजूनही एकत्र पडत नाही.
रापणवाल्यांचं आधी, घाईचं,
म्हाताऱ्यांचं लांबलेलं,
पोरांचं हसण्यात बुडालेलं.
पूर्वी मला वाटायचं, हीच आमची फूट.
हल्ली वाटतं, वर ऐकणाऱ्याला
बहुतेक ते एकच वाक्य ऐकू येत असेल,
थोडं अडखळत म्हटलेलं.

मागच्या रविवारी माझ्या शेजारी बोस्त्याव आला.
दुसरीकडे कोरडी जागा नव्हती, एवढंच कारण.
एकमेकांना शांती द्या, फादर म्हणाले.
त्यानं हात पुढं केला. ओला होता, गार.
मी धरला, जेवढा वेळ धरायचा तेवढाच.
पाप कबूल करताना जेवढं अवघड जातं
त्याहून अवघड गेलं.

मिस्सा संपली. बादली काठोकाठ.
इनास आजी म्हणाली, "उचला रे कोणतरी!"
आणि नेमके आम्ही दोघेच उभे.
बादलीला कडी एकच.
चार बोटं त्याची, चार माझी,
मधे गंजलेली तार.
तो लंगडतो, माझी पावलं लांब.
पहिल्याच पावलाला पाणी त्याच्या पँटवर.
"सावकास," तो म्हणाला.
सात वर्षांनी पहिला शब्द.

मी पाऊल आखूड केलं.
त्यानं जरासं लांबवलं.
तरी दारापर्यंत थोडं थोडं सांडतच होतं,
कौलाच्या बाजूला, पत्र्याच्या बाजूला.

पायरीवर बादली ओतताना तो वर बघत म्हणाला,
"पत्रोच बरो होतो."
मी म्हटलं, "कौलां."
आणि रिकामी बादली
दोघांनीच धरून आत आणली,
रिकामीला दोन हात लागत नसतानाही.