अर्धा मायक्रॉन

गोळीबार चौकातल्या माझ्या दुकानात
आता सगळ्यांना अर्धं ब्लेड.
कागदातून काढायचं, गिऱ्हाइकाच्या देखत मोडायचं,
दाढी झाली की डब्यात.

खरा वस्तरा एकच उरलाय.
खिळ्याला लटकतो, रेक्झिनच्या म्यानात,
म्यानावर पेननं नाव : बारापात्रे.
दर बुधवारी येतात.
मागावर पन्नास वर्षं काढलेला माणूस
खुर्चीतही वाकूनच बसतो.

गेल्या बुधवारी म्हणाले,
"काऊन गा दौलत, आज ओढते."
एवढंच.
पैसे दिले, चपला घातल्या, गेले.
मी रात्रभर पंख्याकडे बघत.

पथरीत खोट नव्हती, धार लागत होती.
चूक चामोटीवर होती,
शेवटच्या हातात,
जिथं पाठ पुढे जाते आणि धार मागून येते.

बाप धानाच्या तुसाची राख वापरायचा,
धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळून
जवसाच्या तेलात कालवलेली.
चिमूटभर आधी पुढच्या दातांत धरायचा.
करकरली की थुंकून सगळी फेकून द्यायचा.
मी एकदा कोराडीकडची राख आणली,
म्हटलं राख ती राख.
वस्तऱ्यावर मांजरानं बोचकारल्यासारख्या रेघा.
बाप दोन दिवस बोलला नाही.

इतवारीतल्या दुकानदारानं काउंटरवर मांडलं :
हिरवी वडी, साबणासारखी.
लाल वडी, विटेसारखी.
आणि सिरिंजमध्ये हिऱ्याची भुकटी,
करडी, टूथपेस्टएवढी घट्ट.
"अर्धा मायक्रॉन. नंबर जितका कमी तितकं बारीक."
किंमत ऐकून सिरिंज खाली ठेवली.
मग परत उचलली.
लाल घेतली नाही. लाल घरीच होती,
वच्छीच्या नखांत.
ती बेन्टेक्सच्या बांगड्या बफिंगवर घासते,
जेवताना भाकरीलाही बोटांचा ठसा.
तिनंच कागदाच्या पुडीत आणून दिली,
"दुकानात पैसे काऊन घालता?"

सोमवारी दुकान बंद.
जुना पट्टा कापून तीन तुकडे केले,
एका चामड्याला एकच औषध,
मिसळलं की दोन्ही वाया.
डाव्या गालाला हिरवी, उजव्याला लाल,
गळ्याला हिरा.
वच्छीनं बोटाची पाठ फिरवली.
डावीकडे म्हणाली, चांगलं.
उजवीकडे काही न बोलता पुन्हा एकदा फिरवली.
गळ्यावर थांबली :
"इथं काहीच नाही लागत. भेव वाटते."
अर्ध्या तासानं तिथंच
मोहरीएवढे तीन लाल ठिपके.

म्हणजे हिरा नको.
हिरवी ठेवली असती, पण मे महिना,
कूलर माझ्याकडे पाठ करून गिऱ्हाइकाला वारा घालतो,
आणि वडी चामड्यावर मेणासारखी पसरते,
एकीकडे थर, एकीकडे कोरडं.

बुधवारी बारापात्र्यांना सगळं सांगितलं.
गळ्यावरचे ठिपके दाखवले.
ते हसले तेव्हा साबणाचा फेस ओठांत गेला.
"आमच्यात उलटं हाय गा.
नंबर वाढला का सूत बारीक.
पण शंभराचं सूत
सगळ्याच हातायले झेपत नाही, तुटते.
मले साठचं दे."

साठचं म्हणजे कोणतं, हे कुठल्या वडीवर लिहिलंय?
मी लाल घेतली.
तीस हात मारायचे म्हणून सुरू केले,
मागून ते तोंडातल्या तोंडात मोजत होते,
खट खट, धोट्याच्या लयीत,
आणि तिसाला थांबले नाहीत,
म्हणून मीही थांबलो नाही.
किती झाले ते त्यांनाच ठाऊक.

दाढी झाल्यावर हनुवटीखाली तळवा नेला.
"हं," म्हणाले.
हे बरं म्हणून की पुढच्या बुधवारी बघू म्हणून,
मी विचारलं नाही.

सिरिंज वच्छी कारखान्यात घेऊन गेली.
एक मंगळसूत्र असं चमकलं म्हणे,
मालक दोनदा आला,
काय लावलं गा, म्हणून विचारत.
तिनं नखं दाखवली.