भावे प्रयोग

जेल रोडच्या शाळेत मुळ्ये मास्तर शिकवायचे:
क्रियापदाला विचारा, कोणी?
जो ओ देईल तो कर्ता.
आमचं इंदुरी मराठी अर्धं हिंदीत भिजलेलं,
तरी एवढं एक कोरडं राहिलं माझ्याजवळ.

एकतीस वर्षं झाली, हिंदी दैनिकात मुद्रितशोधक आहे.
अक्षरं हिंदीत तपासतो,
चूक मात्र मराठीत खुपते.

रात्री साडेबाराला चार ओळी आल्या.
भेरूलाल मकवाना, पंक्चरवाला, वय एकेचाळीस,
चौकशीसाठी ठाण्यात आणला होता.
पहिल्या प्रतीत होतं, पोलिसांनी त्याला मारले.
दुसरीत, मारहाण झाल्याचा आरोप.
तिसरीत तब्येत बिघडली.
चौथी मालकांच्या केबिनमधून आली, तिच्यात
भेरूलालला आधीपासूनच दमा होता.

निखिलेश, आमचा क्राइम रिपोर्टर. मुलगा चांगला आहे.
सराफ्यात टी.आय. साहेबांबरोबर गराडू खातो,
पैसे कोण देणार यावरून दोघं हसत हसत भांडतात.
बोटांवरचं जीरावण झटकत म्हणाला,
काका, मी लिहिलं होतं.
म्हटलं, हो. वाचलं मी.

उद्या पान एकवर भैयाजींचा वाढदिवस.
पूर्ण पान. जोडलेले हात, आणि खाली
शुभेच्छुकांची एकशे सोळा तोंडं,
तिकिटाएवढी, तिकिटासाठी.
ती नावं तपासायला मला दोन तास दिले होते.
भेरूलालला चार मिनिटं.

मालक पोलिसांना भितात, असं नाही.
गेल्या होळीत धाकट्या मालकांची गाडी
बायपासवर कुणाच्या तरी अंगावर गेली,
तर एफआयआरमध्ये गाडीला चालकच नव्हता.
मग पोलीस मालकांना भितात म्हणावं, तर तसंही नाही,
तो कागद त्यांनी जपून ठेवलाय.
छापखान्याची जमीन लीजवर, लीजची फाइल भोपाळला,
भोपाळला भैयाजी.
आणि आमच्या तिजोरीत एक पेन ड्राइव्ह आहे म्हणतात,
पाहिलेला कुणीच नाही.
प्रत्येकाच्या मुठीत दुसऱ्याची शेंडी.
दिवाळीमिलनात तिघं गळ्यात गळा घालतात
तो फोटो नीट बघा,
एकाचंही डोकं हललेलं नसतं.

मास्तर, तुम्ही फळ्यावर लिहून दिलं होतं,
'शिपायांनी चोराला मारले': भावे प्रयोग.
कर्ते कितीही असोत, कर्म कुणीही असो,
क्रियापद आपलं नपुंसकलिंगी, एकवचनी,
कुणाच्याच बाजूनं वाकत नाही.
तेव्हा मला ते फार ताठ वाटलं होतं.
आता वाटतं,
तेही आमच्याच दैनिकात नोकरीला होतं.

मी काय केलं?
'भैरूलाल' झालं होतं.
एक मात्रा उडवली.

सकाळी सहाला शिफ्ट सुटली तेव्हा
कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरत होती.
गेटवर एक बाई. सुटे पैसे मोजून
चार अंक घेतलेले, वाचता येत नाही.
चौकीदारानं माझ्याकडे बोट दाखवलं.
मी उभ्या उभ्या वाचून दाखवलं,
सवयीनं, स्वल्पविरामांवर थांबत.
तिनं पदर सारखा केला.
म्हणाली, दमा तो मुझे है.
श्वास लागला होता, तो खाली बसेपर्यंत थांबली,
मग विचारलं,
किसने?

मी चष्मा काढला, पुसला,
परत लावला.
गाडीवाला ओरडत होता,
गीला अलग, सूखा अलग.