हे नाव आधीच वापरात आहे

जुलैत आमच्याकडे रात्र फक्त घड्याळात होते.
साडेअकरा वाजलेत, टेबलावर ऊन,
खिडकीखालून एक हिमनग हळूहळू सरकतोय
आणि मी शाळेची अकरा यंत्रं पुसायला घेतलीत.

डिस्क नूकहून आली. शेवटचा टप्पा हेलिकॉप्टरने,
संत्र्यांच्या खोक्याशेजारी बसून.
केबलला अजून वास आहे.
तिच्यात एकच संगणक आहे, आदर्श, कुणाचाही हात न लागलेला.
त्याचे मी अकरा करायचे.

पट्टी पुढे जाते. बारा टक्के. तेरा.
किलाकने पडद्यावर लावलेला त्याचा कुत्रा गेला.
सातवीच्या पोरांनी कचरापेटीला दिलेलं मुख्याध्यापकांचं नाव गेलं.
कुणी तरी भाषा फिनिश करून ठेवली होती, तीही गेली,
चुकून की गंमत म्हणून, ते कळलंच नाही.
शाळा उघडली की ये रे माझ्या मागल्या:
तीच निळी भिंत, तीच आठ चिन्हं.

नियम आहे, नव्वद दिवस जो आला नाही
त्याचं खातं काढून टाकायचं.
मी काढतो. डेन्मार्कला गेलेल्या एनोकचं काढलं.
एक तेवढं काढत नाही.

पिपालुक. आमच्या पहिल्या कॉम्प्युटरच्या बाई.
इस्पितळात गेल्या त्या गेल्याच, सात वर्षं झाली.
दर जुलैत मी त्यांचा फोल्डर बाजूला घेतो,
यंत्र पुसतो, फोल्डर परत ठेवतो,
फरशी पुसताना कुणाचे बूट उचलावेत तसा.

आत फारसं काही नाही. मार्कांची यादी, एक अर्धं पत्र.
बाकी नुसती सेटिंग्ज:
डावखुरा माउस,
अंगठ्याएवढा बाण,
कळ दाबली तरी अक्षराने जरा थांबून उमटावं,
कारण बोटं थरथरायची
आणि एका अक्षराची सात व्हायची.
स्टाफरूममध्ये त्यांचा फोटो आहे, छान हसतात.
हात आलेले नाहीत त्यात.

ऑगस्टात पहिलीची यादी आली.
मी टाइप केलं: पिपालुक.
यंत्र म्हणालं, हे नाव आधीच वापरात आहे.

खोटं नव्हतं ते.
आमच्याकडे गेलेल्याचं नाव पुढच्या बाळाला देतात,
नावासोबत माणूसही थोडा येतो.
बाईंचा मुलगा हान्सेराक, पन्नाशीचा, हॅलिबट पकडणारा,
शेजाऱ्यांच्या ह्या पोरीला न्यायला येतो
आणि दारातून हाक मारतो, आनाना!
म्हणजे आई.
ती धावत येते, दप्तर त्याच्या अंगावर टाकते,
तो मुकाट्याने उचलतो.

यंत्राचा सल्ला होता: नावापुढे २ लावा.
त्या दोनाकडे मी बराच वेळ बघत बसलो.
हान्सेराकला काय सांगायचं, तुझी आई दोन नंबरची?

शेवटी जुनंच खातं उघडून दिलं. नियमात बसत नाही.
पत्र आणि यादी हान्सेराकला पेनड्राइव्हवर दिली,
त्याने ती गळांच्या डबीत ठेवली.

ती बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते.
पडद्याच्या मधोमध तो बाण.
मी दाराशी, श्वास धरून,
कशाची वाट बघत होतो कोण जाणे.
"हा एवढा जाडा का?"
तिने माउस उजवीकडे ओढला.
क्लिक उलटं पडलं. पुन्हा उलटं. चिडली.
मी दाखवलं कुठे बदलतात ते.
दोन मिनिटांत बाण बारीक,
हात उजवा, अक्षरं चटाचटा.

इतरांचं काहीच राहत नाही बंद करताना.
ह्या एका खात्याला मी सूट दिली आहे.
यंत्राने विचारलं, बदल जपून ठेवायचे?
तिला अजून वाचता येत नाही.
तिने माझ्याकडे पाहिलं.

"हो म्हण," मी म्हणालो. "डावीकडचं."