उशाखालच्या विटा

रात्री दोनला तू उठून बसतोस, एउलोहियो,
आणि मला कळतं, गाडी वर आली.

चौतीस वर्षं वालपराइसोच्या टेकडीवर
तू लाकडी डबा वर ओढलास, खाली सोडलास.
मध्ये तुझा हात, एक घंटा, लोखंडी फाटक.
भलत्या वेळी कुणाला चढू दिलं नाहीस,
बिशपलासुद्धा.

आता तुझ्याच छातीतलं फाटक लागत नाही.
डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं:
ही अन्ननलिका, हे जठर,
आणि इथं स्नायूचं कडं, सैल पडलेलं,
जुन्या मोज्याच्या इलॅस्टिकसारखं.
तू हसलास. मग हळूच मोज्यांकडे पाहिलंस.

सिगरेट? सोडली, म्हणालास.
मी खिडकीतून बंदरातली जहाजं मोजली.
रात्रीचं जेवण? ड्यूटी संपली की.
म्हणजे अकरा, तळलेल्या एम्पनादा,
वर वाइन, आणि लगेच आडवा.
पोटाबद्दल त्यांनी विचारलंच नाही,
ते तुझ्या आधी खोलीत शिरलं होतं.

मग माझ्याकडे वळून, आणि तुम्हाला?
मला रोसाउराच्या वेळी, सातव्या महिन्यापासून.
ती जन्मली, जळजळ गेली.
यांची अकरा वर्षं गेली नाही, त्या म्हणाल्या,
आणि तुम्ही मिरचीला शिव्या देत बसलात.

तुझ्या वडिलांच्या खिशात सोड्याची पुडी असायची.
शेवटी शेवटी पाव गिळता येईना,
चहात बुडवून द्यायचो.
हे तू तिथं बोलला नाहीस. मी बोलले.
तुझ्या पोटात सगळं राहतं,
आम्ल तेवढं वर येतं.

मंगळवारी दुर्बीण घालून बघणार आहेत
आतलं अस्तर बदललंय का. उपाशी जायचंय.
तोवर सकाळी गोळी, रात्री आठला सूप,
आणि पलंगाच्या उशाकडे दोन-दोन विटा.

आपला पलंगही आता टेकडीच झालाय.
झोपेत मी इंचाइंचानं घसरते,
पहाटे पायथ्याच्या स्टेशनात जागी होते;
तू वर, तोंड उघडं टाकून, घोरत.
कित्येक महिन्यांनी घोरतोयस.

पाणी प्यायला उठले, तुझा कोट चाचपला.
चार सिगरेटी. काल सहा होत्या.
घशाशी आलेलं मी गिळते
आणि चढावर परत येऊन पडते.